सरहद्दीचे दगड

इतिहासाच्या तासाला रोमन सरहद्दीचा विषय निघाला, तेव्हा भोसरीच्या मुलाचा त्या परक्या दगडमातीशी काय संबंध, असे मला वाटले. पण सरांनी फळ्यावर हेड्रियनच्या भिंतीची आकृती काढली. पुढे खंदक, मग तट, आत शिबंदी. ती पाहून मला एकदम माझे आजोळ चाकण आठवले.

सम्राट हेड्रियनने इ. स. १२२ च्या सुमारास ब्रिटनच्या उत्तर भागात ही भिंत बांधावयास घेतली. तिची लांबी सुमारे ११७ किलोमीटर. ती नुसता अडसर नव्हती. तिला ठिकठिकाणी दरवाजे होते. येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवणे हेही तिचे काम होते. म्हणजे सरहद्द ही नकाशावरची रेघ नसून राखलेली वाट असते.

चाकणला एवढी लांब भिंत नाही. पण वाट राखण्याचे काम तेथल्या संग्रामदुर्गाने केले. १६६० साली शाहिस्तेखान पुण्यात होता. त्याची रसद अहमदनगरकडून येई, आणि चाकणचे ठाणे तिच्या वाटेजवळ. म्हणून जूनमध्ये त्याने वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळे जवळजवळ दोन महिने झुंजले. हा भुईकोट. याला डोंगराचा आधार नाही, सारी भिस्त तटावर आणि खंदकावर. डोंगरी किल्ल्याच्या कातळात भुयार खणणे महाकठीण; येथे मात्र मोगलांनी जमिनीखालून बुरुजापर्यंत भुयार नेले, त्यात दारू भरली आणि १४ ऑगस्टला बुरुज उडवला. मग किल्ला पडला.

आज वस्तीच्या मधोमध काही बुरुज, तटाचे तुकडे आणि खंदकाच्या खुणा उरल्या आहेत. बाकीचे दगड कोठे गेले? हेड्रियनच्या भिंतीचे दगड आसपासच्या लोकांनी चर्चला, घरांना, कुंपणांना वापरले. अठराव्या शतकात तर ते लष्करी रस्त्याखाली गेले. माझ्या मामाच्या गोठ्याच्या जोत्यातही दोन घडीव दगड आहेत. ते किल्ल्याचे, असे आजी सांगते. मी मामाला बोललो, तर तो म्हणाला, "अरे, गोठ्यात लागले म्हणून तरी राहिले. नाहीतर खडी झाली असती त्यांची." मला उत्तर सुचले नाही.

भिंतीजवळच्या विंडोलांडा छावणीत १९७३ सालापासून लाकडी पातळ फळ्या सापडत गेल्या. त्यांवर शाईने वाढदिवसाचे आमंत्रण आहे, शिपायाला पाठवलेल्या मोज्यांचा उल्लेख आहे. फिरंगोजींचे नाव आपल्याला ठाऊक आहे. पण त्यांच्या शिपायांनी घरी काय निरोप धाडले, ते कोण सांगणार? आमच्या घराण्यात लिहिणारा मीच पहिला. म्हणून हे मला अधिक लागते. त्या शिपायांच्या हातांची खूण म्हणजे हे दगडच.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या दोन दगडांची मापे घेतली आणि वहीत चित्र काढले. मामाने टेप धरला होता.