अखेरचा सलाम

मित्राची पारख संकटसमयीं होते, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ती पारख किती कठीण असूं शकते, हें अँड्र्यू मिनार्स्की या तरुणाच्या चरित्रावरून कळतें.

अँड्र्यूचा जन्म १९१६ सालीं कॅनडांतील विनिपेग शहरीं झाला. त्याचे आईबाप पोलंडमधून तेथें येऊन स्थायिक झाले होते. तो सोळा वर्षांचा असतां वडील वारले. तेव्हां घरास हातभार लावण्यासाठीं तो कातडी कापण्याचें काम करूं लागला. १९४१ सालीं तो विमानदलांत शिरला.

लँकॅस्टर या चार एंजिनांच्या बाँबफेकी विमानांत सात जण असत. अँड्र्यू पाठीवरील घुमटांत मशीनगन घेऊन बसे. शेपटाच्या टोकाच्या घुमटांत त्याचा मित्र पॅट ब्रॉफी बसे. हा घुमट तेलाच्या दाबानें फिरे. तो आडवा असतां अडकला, तर आंतील मनुष्यास विमानांत परत येतां येत नसे.

ता. १२ जून १९४४ च्या रात्रीं त्यांचें विमान फ्रान्समधील काँब्रे येथील रेल्वेयार्डावर बाँब टाकण्यास निघालें. मध्यरात्रीनंतर जर्मन विमानानें त्यावर मारा केला. डावीकडील दोन्ही एंजिनें बंद पडलीं, आग भडकली, व कप्तानानें सर्वांस उड्या टाकण्याची आज्ञा दिली. अँड्र्यू दारापाशीं पोंचला, तोंच ब्रॉफी घुमटांत अडकलेला त्यास दिसला. तो तसाच ज्वाळांतून मागें गेला. प्रथम कुऱ्हाडीनें, मग नुसत्या हातांनीं त्यानें घुमट मोकळा करण्याची शिकस्त केली. त्याचे कपडे व पॅराशूट पेटलें. अखेर ब्रॉफीनेंच त्यास परत जाण्याची खूण केली. मित्राकडे तोंड ठेवून अँड्र्यू दारापर्यंत मागें सरकला, ताठ उभा राहिला, सलाम केला आणि मग उडी घेतली. भाजल्याच्या जखमांनीं थोड्याच वेळांत त्याचा अंत झाला. तेव्हां त्याचें वय अवघें सत्तावीस होतें.

दैवगति अशी कीं, विमान आदळतांना घुमट तुटून ब्रॉफी बाहेर फेकला गेला व वांचला. बाकीचे पांचही जण वांचले. मग अँड्र्यूचे श्रम फुकट गेले काय? मुळींच नाहीं. आपली कृति कोणास कळेल, ही आशाही त्यास नव्हती; कारण तिचा एकुलता साक्षी मरणाच्या दारांत अडकलेला होता. त्याच साक्षीच्या सांगण्यावरून १९४६ सालीं त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढें विनिपेगमधील एका शाळेस त्याचें नांव देण्यांत आलें.

विद्यार्थिमित्रहो, यश आपल्या हातीं नसतें. मित्राकडे परत वळणें मात्र असतें.