फटफटीचा जोडराग

गाणे शिकवणाऱ्या माणसाकडे फटफटी असावी, याला कोणाची हरकत नसते. शिकवण्या गावाच्या चारही टोकांना विखुरलेल्या, आणि भोपाळ तर चढउतारांचे शहर. तेव्हा काहीतरी वाहन हवेच. पण त्याच माणसाने फटफटीची चांगली चालती चाके काढून दुसरी बसवावीत, रविवारी सकाळी एका बंद आवारात विटा मांडून त्यांच्याभोवती गिरक्या घ्याव्यात, आणि हे सारे पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर करावे, म्हटल्यावर शेजारीपाजारी काळजीत पडतात. दरबारी गवयाच्या मुलाला हे काय सुचले, असे तोंडावर विचारणारेही भेटतात. त्यांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

या प्रकाराला सुपरमोटो म्हणतात. मातीच्या शर्यतीची फटफटी आपण चित्रांत तरी पाहिलेली असते. उंच, शेलाटी, लांब ढांगांची. तिचे पुढचे चाक २१ इंची आणि मागचे १८ किंवा १९ इंची. खड्डा आला की मोठे चाक त्यावरून सहज निघून जाते. या मातीच्या घोडीला दोन्हीकडे १७ इंची रुंद चाके, डांबराला चिकटून राहणारे टायर, मोठा पुढचा ब्रेक आणि थोडे ताठ सस्पेन्शन दिले, की ती सुपरमोटो झाली. अंगलोट मातीतली, पकड सडकेवरची.

या संकराचा जन्म दूरचित्रवाणीच्या पडद्यासाठी झाला. १९७९ साली अमेरिकेत एबीसीच्या ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स’ या कार्यक्रमाकरिता कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथे ‘सुपरबाइकर्स’ नावाची शर्यत भरवण्यात आली. कल्पना गॅविन ट्रिप यांची. सडकेवर धावणारे, मातीच्या सपाट वर्तुळात घसरत वळणारे आणि उंचवट्यांवरून उड्या घेणारे, असे तीन घराण्यांचे स्वार एका मैदानात आणायचे; मैदानात डांबरही ठेवायचे आणि मातीही; आणि मग पाहायचे, की खरा अष्टपैलू कोण. १९८५ नंतर तो कार्यक्रम थांबला, पण तोवर खेळ युरोपात रुजला होता. फ्रेंचांनी त्याचे नाव आपल्या जिभेला मानवेल असे ‘सुपरमोटार’ करून घेतले, आणि २००२ पासून त्याचे जागतिक अजिंक्यपदही सुरू झाले.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे वाटेल. पण त्याचा एक धागा थेट आपल्या पुणे जिल्ह्यात येतो. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीने १९९४ साली ‘ड्यूक’ नावाची पहिली गाडी काढली, ती मुळात मातीच्या गाडीला १७ इंची चाके दिलेली, म्हणजे सडकेवरची सुपरमोटोच होती. पुढे २००७ मध्ये बजाजने त्या कंपनीत भाग घेतला आणि ड्यूकच्या धाकट्या भावंडांचा कारखाना चाकणला उभा राहिला. आज आपल्या गल्लीतून कॉलेजचा मुलगा ज्या नारिंगी गाडीवरून भुर्रकन जातो, तिची पणजी मातीत वाढलेली होती, हे त्याला बहुधा ठाऊक नसते.

जोड दिसता कामा नये

आमच्या क्षेत्रात याला जोडराग म्हटले असते. बसंत आणि बहार, कौंसी आणि कानडा. दोन राग एकत्र आणणे सोपे. पण अर्धा वेळ हा आणि अर्धा वेळ तो, असे केले तर श्रोत्याला ठिगळ दिसते. जोड अशा स्वरावर बसवावा लागतो, की एकातून दुसऱ्यात कधी गेलो ते कळू नये. फटफटीचेही तसेच. चाक बदलले म्हणजे काम झाले, असे वाटते. पण एक चाक बदलल्याने किती गोष्टी हलतात, ते पाहण्यासारखे आहे.

माझी गाडी हिरोची एक्सपल्स, २०१९ साली बाजारात आलेली, २०० सीसी वर्गातली. तिचा पुढचा टायर ९०/९०-२१ मापाचा. त्याचा व्यास हिशेबाने सुमारे ६९५ मिलिमीटर. मी बसवतो तो ११०/७०-१७. त्याचा व्यास ५८६. मागे १२०/८०-१८ ऐवजी १४०/७०-१७ घातला, की व्यास ६४९ वरून ६२८ वर येतो. म्हणजे पुढचा आस ५५ मिलिमीटरने खाली उतरतो आणि मागचा फक्त ११. गाडी नाकावर झुकते. दोन चाकांतले अंतर १४१० मिलिमीटर धरले, तर हा झुकाव सुमारे पावणेदोन अंशांचा भरतो. कागदावर हा आकडा क्षुल्लक दिसतो. पण पुढचा फोर्क तेवढाच ताठ उभा राहतो आणि हॅण्डल इतके चपळ होते, की मनात वळण आले की गाडी वळलेली असते. मात्र हीच चपळाई सरळ रस्त्यावर वेगात असताना चंचलपणा ठरते. काही मिळाले, काही गेले.

वेगाचा काटाही बिघडतो. तो पुढच्या चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक लहान झाले, तर तेवढ्याच अंतराला फेऱ्या जास्त. खरा वेग ५० असेल तर काटा ५९ दाखवतो. हे प्रमाण १.१८७ भरले, तेव्हा मला हसू आले. कोमल गांधाराचे षड्जाशी एक प्रमाण ३२/२७ मानतात, म्हणजे १.१८५. माझा काटा षड्ज दिला असता कोमल गांधार बोलतो, एवढाच त्याचा दोष!

वाद्यात बदल करणे हा वाद्याचा द्रोह, असे मानणारे लोक आमच्यातही आहेत. त्यांना मी उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचे उदाहरण देतो. त्यांनी रुद्रवीणेचे भोपळे मोठे केले, दांडी जाड केली, तारा जाड घेतल्या. कारण त्यांना हवा असलेला संथ, खोल आलाप जुन्या बांधणीत मावत नव्हता. त्यांचे धाकटे बंधू झिया फरिदुद्दीन यांनी याच भोपाळच्या ध्रुपद केंद्रात शिष्यांची एक पिढी घडवली. ती वीणा आज ऐकताना कोणाला मोडतोड आठवत नाही. बदलामागे गाण्याची गरज होती, म्हणून तो बदल वाद्यात मुरला.

स्पोकचा स्वर

माझ्या चाकांचे खरे श्रेय जुन्या भोपाळातल्या एका वृद्ध मिस्त्रींना आहे. १७ इंची रिममध्ये एकेक स्पोक ओवून चाक विणायचे आणि मग त्याचा आउट काढायचा, हे काम ते मांडी घालून करतात. चाक स्टॅण्डवर फिरवायचे, ते कुठे डावीउजवीकडे डुलते ते खडूने टिपायचे आणि तिथला निपल पाव फेरा आवळायचा. पण त्याआधी ते एक गोष्ट करतात, ती पाहून मी पहिल्या दिवशी जागच्या जागी बसून राहिलो. पान्याच्या टोकाने ते प्रत्येक स्पोकवर टिचकी मारतात आणि कान देऊन ऐकतात. नीट ताणलेला स्पोक ‘टिंग’ म्हणतो. सैल असेल तो ‘ठक्’ म्हणून गप्प होतो.

“को खाँ, ये वाली झूठ बोल रही है,” असे म्हणून त्यांनी एका स्पोकवर बोट ठेवले. मी ऐकले. खरोखरच तो स्पोक शेजाऱ्यांपेक्षा अर्धा स्वर उतरलेला होता.

यात जादू नाही, तारेचा नियम आहे. लांबी आणि जाडी सारखी असेल, तर स्वर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो. सप्तकभर चढायचे, तर ताण चौपट हवा. अर्धा स्वर उतरला, तर ताण जवळजवळ अकरा टक्के कमी आहे असे समजावे. तो भार शेजारचे स्पोक उचलतात, आणि एखाद्या जोराच्या ब्रेकला तेच आधी तुटतात. म्हणून एका बाजूचे सारे स्पोक एका स्वरात हवेत. त्या दिवसापासून आमची वाटणी ठरली आहे. आवळायचे त्यांनी, ऐकायचे मी. तंबोरा जुळवण्यात आयुष्य गेले. ते ज्ञान सायकलच्या दुकानासारख्या त्या बोळात उपयोगी पडेल, असे कधी वाटले नव्हते.

मोहाचे शहर

आता अडचणीची गोष्ट. भोपाळ हे शहर जणू या गाडीसाठीच आखले आहे. कमला पार्कवरून श्यामला हिल्सकडे चढणारी वळणे, ईदगाह हिल्सचे उतार, मोठ्या तलावाच्या काठाची सडक, मध्येच उखडलेले डांबर, मध्येच गतिरोधक. केरवा आणि कलियासोतच्या रस्त्यांवर तर वाघांची वर्दळ आहे. चपळ, हलकी, उंच गाडी हवी ती याहून वेगळ्या कोणत्या गावात?

पण या रस्त्यांवर मी १७ इंची चाके लावून जात नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघात झाला, तर विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते. कोणी म्हणेल, एवढे कोण बघतो? कोणी बघत नाही हे खरे. पण धडकलेल्या माणसाचा खर्च कोण देणार, हा प्रश्न बघणाऱ्यावर अवलंबून नसतो.

म्हणून मी चाकांचे दोन जोड ठेवले आहेत. आठवडाभर कंपनीची चाके. रविवारी १७ इंची जोड एका स्नेह्यांच्या ‘छोटा हत्ती’त टाकून मंडीदीपच्या बाजूला त्यांच्या गोदामाच्या आवारात न्यायचा, तिथे तासाभरात बदलायचा, आणि जाताना पुन्हा पूर्ववत करायचा. आवारात सिमेंटचा तुकडा आहे, पलीकडे मुरूम आहे. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्यांचे संरक्षण आणि उंच बूट घातल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, हा नियम.

तिथे कळते, की ही गाडी सडकेच्या शिस्तीने चालत नाही. सडकेचा स्वार वळणात स्वतः आत झुकतो. इथे गाडीला खाली दाबायचे आणि आपण वर, जवळजवळ सरळ बसायचे. आतला पाय पुढे काढून ठेवायचा. सिमेंटवरून मुरमात शिरताना ब्रेकवरचे बोट हलके करायचे, कारण पकड एका हातभर अंतरात बदलते. वीस मिनिटांत हातांना घाम येतो आणि डोक्यातल्या सगळ्या चिंता बाहेर पडतात.

आवाजाचा प्रश्न

हे सारे बदल मला मान्य आहेत. एक मान्य नाही, तो सायलेन्सरचा. चाके बदलणाऱ्या बहुतेक मुलांचा हात पुढे तिकडेच वळतो. इंधनाचे माप न जुळवता नुसता नळ मोकळा केल्याने ताकद सहसा वाढत नाही, गोंगाट वाढतो. १७५ सीसीवरच्या दुचाकीला कायद्याने ८० डेसिबलची मर्यादा आहे. तिच्यावर दहा डेसिबल चढले, की ध्वनीची शक्ती दसपट होते.

भारत भवन १९८२ साली चार्ल्स कोरिया यांनी टेकडीच्या उतारात, उघड्या अंगणांनी बांधले. त्याच्या ‘बहिरंग’ या खुल्या मंचावर आलाप चालू असताना वरच्या रस्त्याने एखादी मोकळ्या नळीची गाडी गेली, म्हणजे मंद्र सप्तकाचे काय होते, ते मी पाहिले आहे. गवई थांबत नाही. पण श्रोत्यांची मान वळते, आणि जुळत आलेला षड्ज पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागतो.

आणि चालवणाऱ्याच्या कानाचे काय? हेल्मेटच्या आतही साठीच्या वेगाला वाऱ्याचा आवाज नव्वद डेसिबलच्या घरात जातो. ८५ डेसिबल आठ तास चालतो असे मानले, तर प्रत्येक तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. ९१ ला दोन तास उरतात. म्हणून लांब जाताना मी कानात बोळे घालतो. गवयाचा कान गेला, तर त्याला सुटे भाग मिळत नाहीत.

माझा एक शिष्य आहे, वीस वर्षांचा. तार सप्तकात त्याचा आवाज असा लागतो, की शिकवणाऱ्याला भीती वाटावी. त्याच्याकडेही हीच गाडी आहे, आणि मध्यंतरी तो मोकळी नळी बसवायला निघाला होता. उपदेश केला असता, तर त्याने तो नम्रपणे ऐकून घेतला असता आणि नळी बसवली असती. त्याऐवजी त्याला एक हिशेब सांगितला. एका सिलिंडरचे चार टप्प्यांचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा ठोका देते. मिनिटाला सुमारे ७,८५० फेऱ्या झाल्या, की सेकंदाला ६५ ठोके पडतात, आणि तोच पांढरी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज. कंपनीच्या सायलेन्सरमधून तो स्वर ओळखता येतो. मोकळ्या नळीतून नुसता फाटका कापड ऐकू येतो.

रविवारी गोदामाच्या आवारात त्याने ते करून पाहिले. वर्गातला तंबोरा मोबाइलवर लावला, गाडी जागेवर उभी करून हळूहळू मूठ पिळली, आणि एका क्षणी दोन्ही स्वर एकमेकांत मिसळले. तो काही बोलला नाही. नळीचे पुढे काय झाले, मी विचारलेले नाही. पण हल्ली शिकवणीला येताना दारात स्टॅण्ड लागल्याची खट् होते, तेव्हाच मला कळते की तो आला.