पहिली मात्रा रिकामी

आमच्या यवतमाळात डीजे म्हणजे माणूस नव्हे. डीजे म्हणजे गाडी. ‘डीजे किती वाजता येणार’, ‘यंदा कोणाचा डीजे लावला’, ‘डीजे चौकात अडकला’ असं ऐकत आमची पिढी मोठी झाली. गाडीवर पेट्यांची भिंत, मागं जनरेटर आणि भिंतीच्या आड बसलेला एक पोरगा. त्याला आम्ही ऑपरेटर म्हणतो. पश्चिम महाराष्ट्रात याच भिंतीला डॉल्बी म्हणतात. एका कंपनीचं नाव तिथं यंत्राला चिकटलं, आमच्याकडं माणसाचं.

जमैकात, जिथून ही पेट्यांची भिंत जगभर गेली, तिथं या शब्दाचा अर्थ आणखी वेगळा आहे. तबकडी निवडून लावणारा तो सिलेक्टर. डीजे म्हणजे माईक हातात घेऊन वाजत्या गाण्यावर बोलणारा, लोकांना हाक देणारा. म्हणजे आमच्या सवाल-जवाबातल्या शाहिराचाच भाऊ. हा फरक मला गोव्यात कळला. संपादकांनी जमैकाच्याच रेगे संगीताच्या जानेवारीतल्या महोत्सवाला धाडलं, त्यामागं त्यांचा हिशेब साधा होता: ज्याच्या गावात दुर्गोत्सवाचे नऊ दिवस भिंती हादरतात, त्याला हा विषय शिकवावा लागणार नाही. तो हिशेब अर्धाच खरा निघाला.

महोत्सवाचं नाव गोवा सनस्प्लॅश. 1978 साली जमैकात माँटेगो बे इथं सुरू झालेल्या रेगे सनस्प्लॅशची त्यात आठवण आहे. दिल्लीत 2009 साली जमलेल्या ‘रेगे राजाज’ या मंडळीनं 2016 च्या जानेवारीत तो गोव्यात पहिल्यांदा भरवला, आणि पुढं काही वर्षं तो पेडणे तालुक्यातल्या मांद्रेच्या किनाऱ्यावर रमला. त्याच सुमारास दिल्लीचाच तरू दालमिया, रंगमंचावरचं नाव ‘दिल्ली सल्तनत’, आणि समारा चोप्रा यांनी लोकवर्गणी गोळा करून ‘बीएफआर’ नावाची साउंड सिस्टिम उभी केली. दोघंही ‘स्का व्हेंजर्स’ या बँडचे गायक. तरूनं त्याआधी पंजाबातल्या बंत सिंग यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केलं होतं. 2006 च्या हल्ल्यात दोन्ही हात आणि एक पाय गमावूनही गाणं न सोडलेला हा दलित गायक. वामनदादा कर्डकांची गाणी ऐकत वाढलेल्या आमच्या जिल्ह्याला रेगेचं हे प्रतिकाराचं अंग समजावून सांगावं लागत नाही. भीमजयंतीच्या रात्री ज्यांनी रस्ता पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की कधीकाळी ज्या रस्त्यावरून दबून चालावं लागत होतं, त्या रस्त्यावर आपला आवाज सर्वांत मोठा असणं म्हणजे काय.

महोत्सवाचा इतिहास इतका पुरे. मी तीन दिवस थांबलो ते एका पेटीसाठी.

तिला तिथली मंडळी स्कूप म्हणतात. आमची बेसची पेटी सरळ असते: अठरा इंची स्पीकर, समोर जाळी, बाजूला हवेची भोकं. स्कूपमध्ये स्पीकर वरच्या अंगाला समोर तोंड करून बसतो आणि खाली पेटीला एक मोठं उघडं तोंड असतं, पसरत गेलेलं, चुलीच्या तोंडासारखं. स्पीकरचा कागदी कोन पुढं-मागं हलतो तेव्हा पुढं जेवढा आवाज फेकतो तेवढाच मागंही फेकतो. साध्या बंद पेटीत मागचा आवाज आतच जिरतो. स्कूपमध्ये तो वाया जाऊ देत नाहीत. प्लायच्या वळवलेल्या पडद्यांमधून त्याला खाली आणतात. वाट हळूहळू रुंद होत जाते आणि तो खालच्या तोंडातून पुढच्या आवाजाला येऊन मिळतो. थोडा उशिरा, म्हणून जास्त भरीव.

या वाटेचं गणित सुताराला कळावं लागतं, कारण खर्जाची लाट फार लांब असते. सेकंदाला पन्नास वेळा थरथरणाऱ्या स्वराची एक लाट सुमारे सात मीटरची, म्हणजे आमच्या गल्लीच्या रुंदीएवढी. एवढी लाट एका पेटीत मावणार नाही, म्हणून तिची वाट दुमडायची. पडदा बोटभर इकडंतिकडं झाला किंवा सांधा नीट बसला नाही, तर पेटी भुणभुणते. पेटीच्या मागं जाऊन मी हात ठेवला तेव्हा प्लाय थरथरत नव्हता. हे मला विलक्षण वाटलं. आमच्याकडच्या पेटीवर हात ठेवला की मुंग्या येतात, आणि लहानपणी आम्ही त्यालाच ताकद समजायचो. लाकूड हललं म्हणजे तेवढा आवाज लाकडानं खाल्ला. चांगली पेटी स्वतः निश्चल राहते आणि हवा हलवते.

समोर उभं राहिल्यावर खर्ज आधी पोटाला कळला, मग कानाला. आणि शेजारी उभ्या माणसाशी मी आवाज न चढवता बोलू शकत होतो! हे मला दोन दिवस खरंच वाटेना. आमच्याकडं मिरवणुकीत शेजाऱ्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. याचं कारण विचारत फिरलो, तेव्हा सगळ्यांनी बोट वरच्या पेट्यांकडं दाखवलं. वरच्या पट्टीचे स्पीकर, आमच्या भाषेत टॉप, तिथं आवरून वाजत होते. कान फाडतो तो टॉप, आणि आमच्याकडं कानाच्या उंचीवर तोच जास्त असतो.

अशा पेट्यांचा जन्म किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉटेलांतले नाच आणि वाद्यवृंद श्रीमंतांचे होते. ज्यांना तिथं पाय ठेवता येत नव्हता त्यांच्यासाठी अंगणात पेट्या मांडल्या गेल्या. टॉम वाँग हा हार्डवेअरचा दुकानदार, ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’ या नावानं वाजवायचा. हेडली जोन्स युद्धातून परतलेला तंत्रज्ञ, तो ॲम्प्लिफायर बांधायचा. ड्यूक रीड आधी पोलिसात होता. कॉक्सन डॉड आपल्या तबकड्यांवरची नावं खरवडून टाकायचा, म्हणजे समोरच्याला गाणं शोधता येऊ नये. धंद्यातली ही असूया वाचताना मला आमच्याकडच्या मिरवणुकीत वाजवणाऱ्या धुमाल पार्ट्या आठवत होत्या.

पण या सगळ्यांत माझं मन गुंतलं ते ऑस्बर्न रडक या माणसात. लोक त्याला किंग टबी म्हणत. रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा, हातानं ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा कारागीर. वॉटरहाउस वस्तीत ड्रोमिली अव्हेन्यूवरचं त्याचं घर हाच त्याचा स्टुडिओ. गाण्यातला गळा काढून टाकायचा, मागं फक्त ढोल आणि बेस ठेवायचे, मग गळ्याचा एखादाच तुकडा आत सोडून त्याचे पडसाद उमटवायचे, अशी त्याची रीत. डब नावाचा प्रकार त्यातून मोठा झाला. मिक्सरवरचं एक मोठं बटण फिरवून तो खर्ज कापत जायचा आणि मग एकदम परत सोडायचा. वाजवणं, गाणं यातलं त्यानं काहीच केलं नाही. जे होतं त्यातून तो काढत गेला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाचा कान असा तयार होतो. बिघाड ऐकता ऐकता त्याला प्रत्येक भाग सुटा ऐकू येऊ लागतो. 1989 च्या फेब्रुवारीत घराबाहेरच त्याला गोळ्या घालून मारलं गेलं.

रेगेच्या तालात जे घडतं, तेही काढून टाकण्याचंच आहे. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर ढोलाचा ठोका असायला हवा असं आपलं अंग सांगतं. ‘वन ड्रॉप’ या ठेक्यात नेमकी पहिली मात्रा रिकामी सोडतात आणि सगळा भार तिसऱ्यावर टाकतात. बॉब मार्लेच्या ‘वेलर्स’मधला कार्लटन बॅरेट यातला उस्ताद. आपल्याकडं तबल्याची बैठक असलेल्यांना यात परकं काही वाटू नये. रूपक तालात समेवरच खाली असते. पण मैफलीत ऐकलेलं रूपक वेगळं आणि छातीएवढ्या पेटीतून आलेली रिकामी मात्रा वेगळी. त्या क्षणभराच्या पोकळीत हजार माणसं एकत्र श्वास धरतात आणि तिसऱ्यावर गुडघे वाकतात. कोणी उड्या मारत नाही. हा नाच जमिनीकडं जाणारा आहे.

या संगीताच्या मुलखात आपल्याकडची माणसंही आहेत. 1845 च्या मे महिन्यात भारतातून करारावरचे मजूर घेऊन पहिलं जहाज जमैकाला लागलं. पुढच्या सत्तर वर्षांत छत्तीस हजारांच्या आसपास माणसं गेली, उसाच्या मळ्यांवर. गांजा हा शब्द जमैकाला त्यांनीच दिला.

मांद्रेत रात्री दहाला सगळं थांबलं. तिथला किनारा आणि शेजारचं मोरजी या समुद्री कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा आहेत. आवाज आणि उजेड दोन्ही त्यांना नडतात, त्यामुळं गाणं थांबल्याचं दुःख मला झालं नाही. परतताना गाडीत मात्र सगळा विचार यवतमाळचाच होता.

आमच्या दुर्गोत्सवाचं नाव मोठं आहे. कोलकात्याच्या खालोखाल आमचाच, असं आम्ही अभिमानानं सांगतो आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून माणसं देखावे बघायला येतात. एकेकाळी मिरवणुकीत डफडं असायचं, संदल असायची, बँजो पार्टी असायची. दहा-पंधरा माणसांचं पोट त्यावर चालायचं. मग पेट्या आल्या आणि एक ऑपरेटर पुरू लागला. काही वर्षांपूर्वी एका विसर्जनात भिंतीपासून हाताच्या अंतरावर मी तासभर चाललो. त्यानंतर उजव्या कानात सुरू झालेली शिटी आजही रात्री शांततेत ऐकू येते. 85 डेसिबलला कान आठ तास टिकतो असं धरलं, तर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. शंभरला पंधरा मिनिटं उरतात. आमची पोरं भिंतीला टेकून नाचतात.

कायदा आहे. 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद. सरकारला वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयानं 2016 मध्ये हे ठणकावलं. पण 55 हा आकडा दोन माणसांच्या साध्या बोलण्याच्या जवळपासचा. संदलही त्यात बसत नाही. जो नियम पहिल्या ठोक्यालाच मोडतो, तो मग कितीही मोडला तरी सारखाच वाटू लागतो, आणि कारवाई कधी, कोणावर होणार हे आकड्यापेक्षा बंदोबस्तावर ठरतं. जमैकानं 1997 च्या कायद्यात आठवड्याच्या साध्या रात्री मध्यरात्रीपर्यंत आणि शुक्रवार-शनिवारी दोनपर्यंत मुभा ठेवली. तिथंही त्यावरून भांडण संपलेलं नाही.

त्यात मोजण्याची एक अडचण आहे, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मीटरनं माणसाच्या कानासारखं ऐकावं म्हणून त्यात खर्ज मुद्दाम कमी धरतात. पन्नास हर्ट्झचा स्वर सुमारे तीस डेसिबलनं कमी मोजला जातो. म्हणजे ज्या आवाजानं पत्रे वाजतात आणि म्हातारीच्या छातीत धडधडतं, तो मीटरला जेमतेम कळतो. लांब लाट भिंत ओलांडते. मांद्रेच्या मोकळ्या वाळूत जी पेटी मला सुखाची वाटली, ती आमच्या गल्लीत आणली तर काचा तशाच वाजतील. हे मान्य करूनच पुढं बोलायला हवं.

आणि पेट्यांच्या मालकांचं काय? आमच्याकडं हा धंदा करणारी पोरं बहुतेक कोरडवाहू शेतकऱ्यांची. कापसाच्या एका वाईट वर्षानंतर पोरगा शहरात येतो, कर्जावर दोन ॲम्प आणि चार पेट्या घेतो. धंदा लग्नसराईचा, जयंतीचा, गणपती-दुर्गेचा. पावसाळ्यात प्लाय फुगतो, हप्ता थांबत नाही. शेजारच्या गाडीवर आठ पेट्या दिसल्या की गिऱ्हाईक तिकडं जातं, म्हणून यानं बारा करायच्या. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट ताकद लागते. हे गणित कर्ज देणारा सांगत नाही. ॲम्पला झेपेना की तो लाटेचे शेंडे छाटतो, आवाज चिरका होतो, कॉइल जळते. सण संपतो तेव्हा अर्धी कमाई कॉइलमध्ये गेलेली असते, आणि मिरवणुकीत माल जप्त झाला तर सगळीच.

परतल्यावर मी आर्णी रोडकडच्या एका मिस्त्रीकडं गेलो. वय साठीच्या पुढं. पूर्वी दारं-खिडक्या करायचे, आता वीस वर्षं पेट्याच. मोबाइलमधला स्कूपचा फोटो त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. वरचा स्पीकर त्यांना पटला, खालचं तोंड पटेना. मग त्यांनी प्लायचा उरलेला तुकडा ओढला आणि कानामागची पेन्सिल काढून पेटीची बाजू काढली, आतला पडदा तिरपा दाखवला, खोडला, पुन्हा काढला.

“मंग मागचा आवाज इथून येऊन समोरच्याले भेटते म्हणा.”

मी हो म्हटलं. त्यांनी रेघेवर वीत ठेवली, दोन वीत, तीन वीत, आणि विचारलं, “भाऊ, याची खोली किती हाये?” ते माप मी आणलं नव्हतं. त्यांनी तो तुकडा भिंतीला उभा करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीसाठी आलेल्या पेटीचा फाटका कोन काढायला बसले.