गांवचें वर्तमानपत्र आणि मतदाराचें धोरण

निवडणुकीचें वर्ष आलें कीं मतदारापुढें दोन प्रश्न उभे राहतात. मत कोणाला द्यावें, हा पहिला. आणि तें कशाच्या आधारावर द्यावें, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा आगगाडींत, कचेरींत आणि जेवणाच्या पानावरहि मनसोक्त चालते. दुसऱ्या प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाहीं. आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें या दुसऱ्या प्रश्नाविषयीं; आणि त्यासाठीं मीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें उदाहरण निवडलें आहे. छापील वर्तमानपत्र मतदाराच्या हातांतून निघून गेलें म्हणजे त्याच्या मतदानाच्या रीतींत काय फरक पडतो, याची मोजदाद तेथें पुष्कळ बारकाईनें झालेली आहे.

प्रथम तेथील मतपत्रिकेचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्याकडे लोकसभा, विधानसभा आणि नगरपालिका यांच्या निवडणुका बहुधा निरनिराळ्या वेळीं होतात. मतदार एका वेळीं एकच प्रश्न मनांत घेऊन घराबाहेर पडतो. अमेरिकन मतदाराच्या हातीं नोव्हेंबर महिन्यांत जो कागद पडतो तो मात्र पंचांगाच्या पानासारखा गच्च भरलेला असतो. अगदीं वर राष्ट्राध्यक्षाचें पद. त्याखालीं सिनेटचा सभासद, प्रतिनिधिगृहाचा सभासद, राज्याचा गव्हर्नर, राज्याच्या विधिमंडळाचे सभासद. आणि त्याहि खालीं काउंटीचा, म्हणजे आपल्या तालुक्याजिल्ह्यासारख्या विभागाचा शेरीफ, हिशेबतपासनीस, शाळामंडळाचे सभासद, आणि कित्येक राज्यांत न्यायाधीशसुद्धां! शेवटीं, अमुक कामासाठीं कर्ज काढावें कीं काढूं नये, असेहि प्रश्न मतदारांपुढें ठेवलेले असतात. राज्यपरत्वें आणि वर्षपरत्वें यांत फरक पडतो. परंतु कागद लांबलचक असतो हें सर्वत्र खरें.

असा कागद भरतांना मतदारास दोन धोरणें मोकळीं असतात. एक म्हणजे वरपासून खालपर्यंत एकाच पक्षाला मत देणें. कांहीं राज्यांत तर एकच खूण करून हें काम उरकतां येतें. टेक्सास राज्यानें ही सोय २०२० सालापासून बंद केली. दुसरें धोरण मतें वांटून देण्याचें. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा निवडावा आणि सिनेटर दुसऱ्या पक्षाचा. यांत लहर नसे. एका पक्षावर दुसऱ्याचा दाब राहावा हा एक हेतु. आणि अमुक मनुष्य आपल्या पक्षाचा नसला तरी काम चोख करतो, ही प्रत्यक्ष माहिती हें दुसरें कारण.

हें दुसरें धोरण अलीकडे क्षीण झालें आहे. २०१६ सालीं सिनेटच्या चौतीस जागांसाठीं निवडणूक झाली. त्या प्रत्येक राज्यांत राष्ट्राध्यक्षपदासाठीं ज्या पक्षाला बहुमत मिळालें, त्याच पक्षाचा सिनेटर निवडून आला. सिनेटरांची थेट निवडणूक सुरू झाल्यापासून राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षीं असें पूर्वीं कधींहि घडलें नव्हतें. २०२० सालीं एकट्या मेन राज्यानें निराळा कौल दिला. २०२४ सालीं अशीं चार राज्यें निघालीं, तेव्हां ती रीति अगदींच मेली असें म्हणतां येणार नाहीं. पण ती विरळ झाली आहे यांत संशय नाहीं.

याचीं कारणें अनेक आहेत. पक्षापक्षांतील वैर वाढलें, दूरचित्रवाणीवर राष्ट्रीय राजकारणाचा गलबला वाढला. परंतु ज्याकडे आपलें लक्ष कमी जातें असें आणखी एक कारण आहे, तें म्हणजे गांवोगांवच्या वर्तमानपत्रांचा लोप. २००५ पासून २०२४ पर्यंत अमेरिकेंतील तीन हजार दोनशेंहून अधिक वर्तमानपत्रें बंद पडलीं किंवा दुसऱ्यांत विलीन झालीं. म्हणजे एकंदरींपैकीं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. त्यांतलीं बहुतेक साप्ताहिकें होतीं. आज दोनशेंहून अधिक काउंट्या अशा आहेत कीं तेथें स्थानिक बातमी देणारें एकहि साधन उरलेलें नाहीं.

हीं पत्रें कशानें मेलीं? वाचकांनीं तीं एकाएकीं टाकलीं असें नव्हे. वाचक जी किंमत देई तिच्यांत पत्राचा खर्च पूर्वींहि भागत नव्हता; तो भागे जाहिरातींवर. घर भाड्यानें देणें आहे, जुनी मोटार विकणें आहे, कारकून पाहिजे, अशा छोट्या जाहिराती पत्राला तारीत असत. १९९५ सालीं सॅनफ्रान्सिस्को येथें क्रेग न्यूमार्क यांनीं सुरू केलेल्या एका साध्या यादींतून पुढें अशा जाहिराती इंटरनेटवर बहुतांशीं फुकट मिळूं लागल्या. आणि मोठ्या दुकानदारांच्या जाहिराती गूगल व फेसबुक यांजकडे वळल्या. २००५ सालीं अमेरिकन वर्तमानपत्रांस जाहिरातींपासून सुमारें ४९ अब्ज डॉलर मिळत. २०२० सालीं ती रक्कम १० अब्जांच्या आंत आली. मिळकत घटली तसा बातमीदार कमी झाला. आणि सर्वांत आधीं कमी झाला तो नगरपालिकेच्या सभेला जाऊन बसणारा बातमीदार.

आतां मतदारावर याचा परिणाम काय झाला तें पाहूं. डार, हिट आणि डनवे या तीन अभ्यासकांनीं २०१८ सालीं एक तपासणी प्रसिद्ध केली. ज्या काउंट्यांत पत्र बंद पडलें, त्यांची तुलना त्यांनीं तशाच परंतु पत्र टिकून राहिलेल्या काउंट्यांशीं केली. पत्र गेलेल्या ठिकाणीं मतें वांटून देण्याचें प्रमाण १.९ टक्क्यांनीं घटलेलें आढळलें. हा आंकडा लहान वाटेल. परंतु अटीतटीच्या लढतींत जय-पराजय ठरण्यास एवढें अंतर पुरेसें असतें. आणि कारण उघड आहे. उमेदवाराची माहिती मिळेनाशी झाली म्हणजे मतदाराजवळ पक्षाच्या नांवाखेरीज दुसरी खूणच उरत नाहीं. तो आपलें धोरण बदलतो असें नव्हे. त्याच्यापाशीं दुसरें धोरण राहत नाहीं.

दुसरें उदाहरण सिनसिनाटी शहराचें. तेथील ‘सिनसिनाटी पोस्ट’ हें दैनिक ३१ डिसेंबर २००७ रोजीं बंद पडलें. त्याचा खप शेवटीं अवघा २७ हजारांवर आला होता, आणि शहरांत दुसरें मोठें दैनिक चालूच होतें. तेव्हां फारसें बिघडलें नाहीं असेंच कोणीहि म्हटलें असतें. परंतु नदीपलीकडे केंटकी राज्यांतील ज्या उपनगरांची भिस्त मुख्यतः या पत्रावर होती, तेथील पुढच्या निवडणुका शुलहोफर-वोल आणि गारिडो या अर्थशास्त्रज्ञांनीं तपासल्या. उमेदवारांची संख्या घटली होती. जे पदावर होते तेच पुन्हां निवडून येण्याचा संभव वाढला होता. मतदानहि कमी झालें होतें. आंकडे थोडे असल्यामुळें आपले निष्कर्ष सांभाळून घ्यावे, असें या अभ्यासकांनींच बजावलें आहे. परंतु खूण कोणत्या दिशेची आहे तें समजण्यासारखें आहे. पत्र नाहींसें झाल्यावर मत देणाराच तेवढा मागें हटतो असें नाहीं. निवडणुकीस उभा राहणाराहि मागें हटतो.

याहून बोलका प्रकार कॅलिफोर्नियांतील बेल या गांवाचा. वस्ती सुमारें ३५ हजार, बहुतेक कष्टकरी लोकांची. तेथील कारभारावर रोज नजर ठेवणारें पत्र नव्हतें. २००५ सालीं गांवानें स्वतःची निराळी सनद स्वीकारावी कीं नाहीं, याविषयीं खास मतदान घेण्यांत आलें. त्यांत चारशेंहूनहि कमी मतें पडलीं. सभासदांच्या वेतनावर राज्यानें घातलेली मर्यादा या सनदेमुळें गांवाला लागू राहणार नव्हती. मात्र वेतनाचा उल्लेख मतपत्रिकेंत नव्हता. पुढें काय झालें तें जुलै २०१० मध्यें ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या दोघां बातमीदारांनीं उघडकीस आणलें. गांवाचा मुख्य अधिकारी रॉबर्ट रिझो वर्षाला सुमारें ७ लक्ष ८७ हजार डॉलर पगार घेत होता, आणि बहुतेक नगरसभासद अर्धवेळ कामाबद्दल लाखाच्या जवळपास! मार्च २०११ मध्यें पहिल्यापेक्षां अनेक पटींनीं अधिक मतदार बाहेर पडले आणि त्यांनीं त्या सभासदांना परत बोलाविलें. २०१४ सालीं रिझोला बारा वर्षांची शिक्षा झाली. गांव तेंच होतें. मतदारहि बहुशः तेच होते. मधल्या काळांत एवढेंच घडलें कीं त्यांना बातमी मिळाली.

कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या हातांत दूरध्वनि-यंत्र आहे आणि त्यावर घटकोघटकीं बातम्या येतात. मग छापील कागदाचा एवढा शोक कशासाठीं? कागद गेल्याचें दुःख मलाहि करावयाचें नाहीं. बातमी कागदावर असो वा कांचेवर, ती कोणी तरी जाऊन आणलेली असली पाहिजे, हाच मुद्दा आहे. शाळामंडळाच्या सभेला कोणी गेलेंच नाहीं, तर तिची बातमी कोणत्याहि यंत्रावर दिसणार नाहीं. शिवाय ही रिकामी जागा रिकामी राहत नाहीं. निवडणुकीच्या सुमारास एकाद्या पक्षाच्या किंवा हितसंबंधी मंडळींच्या पैशानें चालणारीं, परंतु गांवच्या जुन्या पत्रासारखें नांव धारण करणारीं संकेतस्थळें अमेरिकेंत निघालीं आहेत. त्यांची संख्या हजारांहून अधिक भरली आहे.

बातमी छापली म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. २०२२ सालीं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड भागांत जॉर्ज सँटोस नांवाचा उमेदवार प्रतिनिधिगृहासाठीं उभा होता. त्याच्या एकाएकीं वाढलेल्या संपत्तीविषयीं ‘नॉर्थ शोअर लीडर’ या लहानशा साप्ताहिकानें निवडणुकीपूर्वींच शंका घेतली होती. परंतु ती शंका मोठ्या पत्रांनीं उचलली नाहीं, आणि मतदारांपर्यंत ती पुरेशी पोंचलीहि नाहीं. सँटोस निवडून आला. त्यानें सांगितलेली शिक्षणाची आणि नोकरीची हकीकत खोटी असल्याचें ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें १९ डिसेंबरला छापलें, तेव्हां मतदान होऊन सहा आठवडे होत आले होते. १ डिसेंबर २०२३ रोजीं सभागृहानें त्याला काढून टाकलें. परंतु तोंवर त्या भागाचें प्रतिनिधित्व त्यानेंच केलें. बेल गांवांत पाहणारा नव्हता. येथें पाहणारा होता, पण ऐकणारे थोडे होते.

मग मतदारानें काय करावें? अमेरिकेंतील जाणते नागरिक जो मार्ग धरतात तो असा. मतपत्रिका खालून वर वाचावयाची. राष्ट्राध्यक्षाविषयीं आपलें मत बहुधा आधींच ठरलेलें असतें. तेथें आणखी दहा लेख वाचून तें बदलत नाहीं. उलट शाळामंडळासाठीं घालविलेली एक घटका फुकट जात नाहीं, कारण तेथें मतें थोडीं असतात आणि प्रत्येकाचें वजन अधिक असतें. नमुन्याची मतपत्रिका निवडणूक कचेरींतून आधीं मिळते. ती पुढें घेऊन प्रत्येक पदाचें काम काय, सध्यांच्या माणसानें तें कसें केलें, आणि अंदाजपत्रकांत पैसा कोठें गेला, एवढें पाहावयाचें. १९२० सालीं स्थापन झालेली ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ ही संस्था कोणत्याहि उमेदवाराचा पुरस्कार न करतां सर्व उमेदवारांस सारखेच प्रश्न विचारते आणि त्यांचीं उत्तरें प्रसिद्ध करते; तिचा आधार घेतां येतो. कोणत्याहि नव्या बातमीपत्रावर विश्वास टाकण्यापूर्वीं त्याची कचेरी कोठें आहे, बातमीखालीं कोणाचें नांव आहे, आणि निवडणूक नसतांना तें काय छापतें, हे तीन प्रश्न विचारावयाचे. आणि गांवांत खरें पत्र जिवंत असेल तर त्याची वर्गणी भरावयाची.

या वर्गणीचा हिशेब निव्वळ भावनेचा नाहीं. गाओ, ली आणि मर्फी या अभ्यासकांनीं दाखविलें आहे कीं, पत्र बंद पडल्यानंतर तेथील स्थानिक संस्थांना काढलेल्या कर्जावर शंभर डॉलरांमागें वर्षाला ५ ते ११ सेंट अधिक व्याज द्यावें लागलें. पाहणारा कोणी नसला म्हणजे सावकारहि सावध होतो. आणि तें वाढीव व्याज शेवटीं कर भरणाऱ्या घरांतूनच जातें.

हा प्रश्न आपल्यापासून अगदींच दूरचा आहे असें समजूं नये. पुण्याच्या महानगरपालिकेची २०१७ सालची निवडणूक चार सभासदांच्या प्रभागांनीं झाली. एकेका मतदाराला चार मतें द्यावयाचीं होतीं. चारहि मतें एकाच चिन्हावर द्यावीं कीं माणूस पाहून वांटावीं, हा प्रश्न त्या दिवशीं आपल्याहि घरांत आला होता. ज्यांना आपल्या प्रभागांतील नळ, रस्ते आणि शाळा यांचा कारभार कोणी कसा चालविला हें ठाऊक होतें, त्यांना निवड करतां आली. ज्यांना तें ठाऊक नव्हतें, त्यांच्यासाठीं चिन्हच उरलें.

म्हणून श्रोत्यांना माझी एवढीच विनंति आहे. पुढच्या निवडणुकीपूर्वीं एक संध्याकाळ राखून ठेवावी. आपल्या प्रभागाच्या मागच्या सभासदानें पांच वर्षांत काय केलें, हें घरांतल्या प्रत्येकानें एका कागदावर लिहून पाहावें. कागद कोरा राहिला, तर ती उणीव आपली आहे कीं आपल्या वर्तमानपत्राची, याचा विचार करावा. आणि मतदानाच्या दिवसापूर्वीं ती भरून काढावी.