इंजिनाचा धूर काय सांगतो?

मंडळी, जून संपत आला आहे, पहिले पाऊस पडून गेले आहेत आणि भाताची खाचरे चिखलणीला तयार आहेत. बदलापूर-वांगणीकडच्या एखाद्या शेतकऱ्याने चार महिने गोठ्यात झाकून ठेवलेला पॉवर टिलर बाहेर काढला, हँडल मारले आणि भकाभका धूर निघाला. लगेच चार जण जमतात. एक म्हणतो, "इंजिन गेलं!" दुसरा म्हणतो, "जाड ऑईल घाला, धूर बंद होईल." तिसरा म्हणतो, "काही नाही हो, चालू दे तसंच." आता खरे कोणाचे मानायचे?

उत्तर त्या धुरातच असते. वैद्य जसा जीभ पाहतो, तसा जाणता मिस्त्री आधी धुराचा रंग पाहतो. ती परीक्षा तुम्हालाही सहज जमेल. रंग कोणता, वास कसा आणि धूर किती वेळ टिकतो, एवढ्या तीनच गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिला पांढरा धूर. पेट्रोल किंवा डिझेल जळले की त्यातून पाण्याची वाफ होते. एक लिटर पेट्रोल जाळले तर साधारण तेवढेच पाणी तयार होते! इंजिन गार असले की ही वाफ सायलेन्सरमध्ये थिजते आणि पांढरी दिसते. थंडीत आपल्या तोंडातून वाफ निघते, त्यातलाच हा प्रकार. दोन-चार मिनिटांत ती नाहीशी झाली तर काळजीचे कारण नाही. डिझेल इंजिन गार असताना डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर निघतो. ते न जळलेले डिझेल असते. इंजिन तापल्यावर तोही थांबला पाहिजे. थांबला नाही, तर नोझल, पंपाचे टायमिंग किंवा कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. मात्र पांढरा धूर थांबतच नाही, त्याला गोडसर वास आहे आणि रेडिएटरमधले पाणी रोज कमी होते आहे, असे असेल तर हेड गॅस्केट फुटून पाणी सिलिंडरमध्ये जात असावे. मग इंजिन चालवू नका.

दुसरा निळसर धूर. हा म्हणजे ऑईल जळत असल्याची खूण. आता तो केव्हा येतो ते पाहा. सकाळी चालू करताना एकच भपका आला आणि पुढे काही नाही, तर बहुधा वॉल्व्हचे सील कडक झालेले असतात. रात्रभरात ऑईल थेंबथेंब झिरपून सिलिंडरमध्ये उतरते आणि चालू करताच जळून जाते. लगेच इंजिन उघडायची गरज नसते, पण ऑईलची पातळी आठवड्याला पाहत जावी. ओझे घेताना किंवा चढ चढताना सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा नाहीतर बोअर झिजलेला आहे. कधी कधी दोष आपलाच असतो. खुणेच्या वर ऑईल भरले तरी निळा धूर येतो.

तिसरा काळा धूर. इंधन जास्त किंवा हवा कमी, एवढाच त्याचा अर्थ. आधी एअर फिल्टर उघडून झटका. पुष्कळदा दुखणे तिथेच असते. नाहीतर नोझल पाहून घ्यावे.

आता ऑईल. "जाड ऑईल घाला" हा सल्ला का फसवा आहे? हिवाळ्यात बाटलीतले खोबरेल तेल थिजते आणि उन्हात ठेवले की पातळ होते, हे तुम्ही घरी पाहता. इंजिन ऑईलचेही तसेच. डब्यावर २०डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान तितके ऑईल गार इंजिनात लवकर पळते. पुढचा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. गरजेपेक्षा जाड ऑईल घातले तर सकाळी ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ लोखंडावर लोखंड घासते. धूर झाकला जातो, झीज मात्र वाढते.

म्हणून पुस्तिकेत सांगितलेलाच आकडा घ्या. डब्यावरची अक्षरेही वाचा. एपीआयच्या खुणेत एस हे अक्षर पेट्रोल इंजिनासाठी आणि सी डिझेलसाठी. क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो अशा मोटारसायकलला जासो एमए लिहिलेले ऑईल लागते. दुसरे घातले तर क्लच घसरतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. तिला कमी राखेचे ऑईल लागते, जुन्या ट्रॅक्टरचे चालत नाही.

पातळी पाहताना गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून थोडे थांबा, काडी पुसून पुन्हा बुडवा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजा. जुलै २००५ आणि जुलै २०१९ चे उल्हास नदीचे पूर आपण पाहिले आहेत. पुरात बुडालेले इंजिन कधीही तसेच चालू करू नका. पाणी दाबले जात नाही; पिस्टन त्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी मिस्त्रीकडून पाणी काढून ऑईल बदलून घ्या.

आणखी दोन गोष्टी सांगतो. रंगीत धूर निदान दिसतो तरी. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बंद खोलीत किंवा विहिरीत उतरवून इंजिन चालवले तर तो माणसाचा जीव घेतो. इंजिन बाहेर मोकळ्यावर ठेवा, पाइप आत सोडा. दुसरे, काढलेले जुने ऑईल गटारात ओतू नका. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनीने आधीच पुष्कळ घाण सोसली आहे. जुने ऑईल डब्यात साठवून, रीतसर गोळा करणाऱ्यांना देणाऱ्या गॅरेजकडे सोपवा.

गुरुजी आणि बाई, एक प्रयोग मुलांना जरूर दाखवा. दोन सारख्या बाटल्यांत तेवढेच गोडेतेल घ्या. एक थंड पाण्यात आणि एक कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा. मग दोन्हींत एकसारखा बारीक खडा टाकून तो तळाला जायला किती वेळ लागतो ते मुलांना मोजू द्या. डब्यावरचे आकडे मग त्यांना पाठ करावे लागणार नाहीत.

तेव्हा मंडळी, उद्या सकाळी इंजिन चालू करताना क्षणभर मागे उभे राहून धूर पाहा. वेळीच पाहिलेल्या धुराने पुढचा मोठा खर्च वाचतो, आणि ऐन चिखलणीत टिलर बंद पडत नाही. नमस्कार.