अभिषेकींची चाल

पंडित जितेंद्र अभिषेकींच्या चालींची नाटके आमच्या दुसरबीड गावी आम्ही पाहिली नाहीत. रेडिओवर आणि कॅसेटवर ऐकली. तरीही पद कोण गातो आहे, रागाने की व्याकूळ होऊन, हे कळायचे. ते श्रेय मी चालीला देतो.

अभिषेकी गोव्यातल्या मंगेशीचे, जन्म १९२९ चा. जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ, गुलुभाई जसदनवाला अशा निरनिराळ्या गुरूंची तालीम त्यांना मिळाली. १९६४ साली कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' आले. त्याआधीच्या संगीत नाटकात गायकनट पद रंगवत नेई, वन्समोअर घेई आणि कथा खोळंबून राही. अभिषेकींनी पद आटोपशीर केले. मुखड्यातच भाव पोचवायचा, विस्तार प्रसंगाला पेलेल एवढाच. 'मत्स्यगंधा'तला रामदास कामतांचा पराशर ऐकावा म्हणजे हे पटते. अशी पदे ध्वनिमुद्रिकेलाही मानवली. शिरवाडकरांच्या 'ययाति आणि देवयानी'साठी त्यांनी मुळात कर्नाटक संगीतातला चारुकेशी वापरला आणि तो मराठी कानांत कायमचा बसला.

सर्वांत अवघड काम १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'चे. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकात दोन घराण्यांचाच झगडा आहे, एकीकडे पंडितजी, दुसरीकडे खाँसाहेब. म्हणजे एकाच संगीतकाराने दोन गायक्या उभ्या करायच्या, आणि दोन्ही तोलामोलाच्या. पंडितजींच्या पदांत त्यांनी संथ, भक्तिभावाचा सूर ठेवला. खाँसाहेबांना आक्रमक, तानांनी उसळणारा. एक बाजू जरा लंगडी पडली असती तर नाटकच कोसळले असते. अनेक गुरूंकडे शिकल्याचा उपयोग इथे झाला असे मला वाटते. खाँसाहेब झाले आमच्या वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे. त्यांच्या गळ्यातली लवचीकता ओळखूनच या चाली बेतल्यासारख्या वाटतात. त्यातली रागमाला आजही त्यांच्याच आवाजात ऐकावी. एका रागातून दुसऱ्यात जाताना सांधा कुठे दिसत नाही.

पुढे 'हे बंध रेशमाचे', 'मीरा मधुरा', मग 'संत गोरा कुंभार'. यांपैकी शेवटच्या नाटकात अशोकजी परांजप्यांच्या शब्दांना त्यांनी वारकरी ठेका दिला.

नाटकातली बरीच पदे अभिषेकींनी स्वतःही गायली. त्यांच्या आवाजात ती मैफलीची होतात, राग अधिक उलगडतो. नटाच्या आवाजात मात्र ती त्या पात्राची राहतात. मला दुसरी अधिक जवळची.

'लेकुरे उदंड जाली' हा मात्र वेगळा मामला. श्रीकांत मोघे आणि दया डोंगरे यांच्या या विनोदी नाटकात संवाद बोलता बोलता गाण्यात शिरतो. ती गाणी मैफलीत कुणी घेत नाही, नुसती ऐकून पुरतही नाहीत. त्यांना समोर नटाची हालचाल लागते. पण ज्या हाताने 'कट्यार' बांधली त्यानेच ही हलकीफुलकी लय सांभाळली. अभिषेकींवर बोलताना हे नाटक वगळले जाते, ते जाऊ नये.