सेवाभावी संस्थांकरिता संगणकीय चित्ररचनेची अल्पखर्ची साधने

पुणे शहरातील एखाद्या लहान सेवाभावी संस्थेस शिबिराचे भित्तिपत्रक काढावयाचे असले, म्हणजे संगणकावर कोणते साधन घ्यावे हा प्रश्न पडतो. खेड्यातील शाळेसही तो पडतोच. साधन विनामूल्य आहे एवढ्यावर भागत नाही; त्यात मराठी अक्षर न मोडता उमटते काय, हे प्रथम पाहावे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे कार्य केले. तथापि युनिकोडपूर्व पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतो. म्हणून फाँट युनिकोडचाच असावा. ‘मुक्ता’ व ‘बालू’ हे विनामूल्य मिळतात.

आकृत्यांस इंकस्केप, छायाचित्रांस गिंप व पुस्तिकेस स्क्रायबस ही साधने विनामूल्य असून इंटरनेटवाचून चालतात. स्क्रायबसची मात्र १.६ (२०२४) किंवा त्यानंतरचीच आवृत्ती घ्यावी, १.४ मध्ये जोडाक्षरे विस्कटतात. कॅनव्हा सोपे आहे व पात्र नोंदणीकृत संस्थांस अर्ज केल्यास विनामूल्य मिळते, परंतु त्यास इंटरनेट लागते. साधन कोणतेही असो, आरंभी त्यात ‘विद्यार्थ्यांच्या’ व ‘कुऱ्हाड’ हे दोन शब्द लिहून एक प्रत छापून पाहावी. शंभर प्रती निघाल्यावर रफार चुकलेला दिसला, तर कागदाचा खर्च संस्थेच्याच माथी बसतो.